पान्याच्या जागी सुपारी

आत्याबाई, सगळ्यात आधी आल्या त्या समोरच्या बँकवाल्यांच्या बाई. हातात झेंडूचा अर्धा ओवलेला हार, सुई तशीच दोऱ्याला लोंबती आणि न्हायलेल्या केसांना पंचा. दसऱ्याची सकाळ, सगळ्या कॉलनीत पुरणाचा वास, आणि मी आमच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यात कमरेपर्यंत वाकलेली. मागून त्यांना माझं नुसतं लुगडं दिसलं असणार. "काकू, आत काही पडलं का?" म्हणाल्या. म्हटलं, बाई, पडलं असतं तर उचललं असतं, हे उठतच नाहीये. त्यावर त्या फाटकाला टेकून उभ्या राहिल्या त्या शेवटपर्यंत. त्यांचं पुरण करपलं ते वेगळंच.

गाडी म्हणजे आमची स्वतःची, हे आधी सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या लेकाकडे एक सायकल होती आणि तिची घंटा वाजत नव्हती. आता रिटायर झाल्यावर यांनी एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. करड्या रंगाची, चार दारांची, त्यातलं एक दार आतून सुतळीनं बांधायचं. चालवतात छान, बैलगाडीइतकी सावकाश. पण बॉनेट उघडलं की तोंड असं होतं, जसं तुम्ही लहानपणी एरंडेल पाजताना होत असेल. आतलं काही विचारू नका म्हणतात. चालवणाऱ्यानं चालवायचं, बघणाऱ्यानं बघायचं. आणि बघणारा त्या दिवशी अख्ख्या नाशकात मिळेना.

का मिळेना ते सांगते, पण त्याआधी गाडी सुरू होणं एवढं गरजेचं का होतं ते ऐका. तुमची धाकटी नात, जिला तुम्ही मांडीवर घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडून द्यायचात, ती येवल्याला दिली. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. मुलगी झाली. तुमची पणती. आत्याबाई, काय सांगू, डोळे अगदी तुमचे, कुणी काही चुकीचं केलं की बारीक करून बघणारे. आता पालथी पडते. पडली की रडते, कारण परत उताणं होता येत नाही. मी उताणी करते, ती हसते आणि लगेच पुन्हा पालथी पडून रडते. माझा दिवस यातच जातो, आणि असा दिवस देवानं रोज द्यावा.

पण बारशाला घोळ झाला. तेव्हा यांना कावीळ झालेली, अंथरुणातून उठता येत नव्हतं. येवल्याला घरी जाऊन कुंकू लावून बोलावणं करायला कोणी नव्हतं, म्हणून पोस्टानं पत्र टाकलं. कावीळ झाली हे मुलीच्या सासरी कशाला कळवायचं, उगाच काळजी, म्हणून तेही लिहिलं नाही. मग काय, विहीणबाईंना वाटलं की नाशिकवाले मोठे झाले, पोस्टमनच्या हातून बोलावतात. बारशाला कोणी आलं नाही. नंतर जावई दोनदा येऊन लेकीला बघून गेले, पण न्यायचा विषय काढला की म्हणायचे, "आई म्हणाली की." तिसरा महिना गेला, पाचवा गेला. बायका विचारायला लागल्या, अजून माहेरीच का. पोरगी बोलायची काही नाही, पण बाळाची दुपटी घडी करून ट्रंकेत ठेवायची. ती रोज ठेवायची आणि मी रोज काढायची.

आणि मग निरोप आला की दसऱ्याला सकाळच्या गाडीनं येतो, नात बघायला. स्वतः विहीणबाई. हे इतके हरखले की येवल्याकडे जाणाऱ्या एकाबरोबर लगेच उलटा निरोप धाडला, मी स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो. झालं. आता तिथं गाडी नसती, तर तो बारशावरचा दुसरा अपमान. लेक म्हणाली, "आई, रिक्षा पाठवू." म्हटलं, बाई, रिक्षा पाठवली तर त्या येवल्याला परत पोचायच्या आत ती गोष्ट पोचेल, आणि तुझी ट्रंक तशीच भरलेली राहील.

आणि गाडी बिघडवली कुणी म्हणाल, तर तुम्ही. हो, तुम्हीच. हत्याराला आधी आंघोळ, मग हळदकुंकू, हे कुणी शिकवलं? विळा, कोयता, कुऱ्हाड, पाभर, अडकित्तासुद्धा खंडेनवमीला तुम्ही न्हाऊ घालून पाटावर बसवायचात. मी आदल्या दिवशी गाडी वरून धुतलीच, पण म्हटलं हा वरचा तर नुसता पत्रा, हत्यार आत आहे. बॉनेट उघडलं आणि तांब्यानं पाणी घातलं, चांगलं अंगावरून, कानामागून, जसं लेकराला घालतात. यांच्या जुन्या धोतरानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. इंजिन इतकं छान दिसत होतं की मी बाळाला आणून दाखवलं. सकाळी यांनी किल्ली फिरवली तर खुर्र खुर्र करून गप्प. पुन्हा खुर्र, पुन्हा गप्प. मग हे खाली उतरले, एकट्यानं ढकलायला गेले आणि कमरेत उसण भरली. त्यानंतर हे असे झाले की बसवलं तर बसतात, उभं केलं तर उभे राहतात, वाकत मात्र नाहीत.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे मीच गेले. तो नवे पांढरे कपडे घालून, टिळा लावून बसलेला. मागे फळीवर सगळे पाने, हातोड्या, पकडी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकावर एक झेंडू. मी काही बोलायच्या आधीच हात जोडले. "आजी, आज काही सांगू नका. सगळं पूजेला बसलंय. उद्या सकाळी पहिली गाडी तुमची." म्हटलं, उद्या येऊन काय करू, पाहुणे आज यायचेत. त्याला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं, पाणी घातलं म्हटल्यावर हसू दाबलं आणि म्हणाला, "प्लग भिजले असणार. काढून पुसा, नाहीतर बदला. सोपं काम हाय." म्हटलं, येणाऱ्याला सोपं. तर म्हणतो, "मी उचलला असता पाना, पण म्हातारी आई आत बसलीय." आता आईपुढे कोण काय बोलणार. पुढच्या दुकानातही तेच, त्याच्या पुढेही तेच. अख्ख्या गावाची हत्यारं फुलांखाली निजलेली, आणि येवल्याची गाडी तेवढी निघालेली.

घरी आले. आमच्याही पाटावर पूजा मांडलेली होती. विळी, कात्री, यांचा दाढीचा वस्तरा आणि मध्ये तुमचा पाना.

तो पाना आठवतो का तुम्हाला? दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही रॉकेलवर चालणारा पंप घेतला होता, छोटा, दोरी गुंडाळून ओढायचा. पेट्रोलवर सुरू व्हायचा, मग रॉकेलवर भकभकायचा, आणि दर दोन दिवसांनी त्याचा प्लग काळा पडायचा. सिन्नर रस्त्याच्या त्या आपल्या तुकड्यावर तुम्ही उकिडव्या बसून तो प्लग काढायचात, पदरात बांधून घरी आणायचात आणि चुलीत घालायचात. मला अजून दिसतं. मी भाकरी थापते आहे, तव्यावर एक, निखाऱ्यावर एक, आणि त्या भाकरीशेजारी तुमचा प्लग लाल होतो आहे. रॉकेलचा वास सगळ्या स्वयंपाकघरात. मी नाक मुरडते. तुम्ही म्हणता, "नाक कशाला मुरडती? ही भाकर त्याच्याच जिवावर हाय." मग चिमट्यानं बाहेर काढून, निवला की पॉलिशपेपरनं घासून, डोळ्याजवळ धरून फट बघायची. सुई ओवावी तशी.

एकदा तुमच्या हाताला भाजलं होतं म्हणून मला म्हणालात, आज तू बसव. मी तीन लेकरांची आई तेव्हा, पण प्लगची पहिलीच वेळ. प्लग भोकावर ठेवला आणि सरळ पाना लावून जोरात फिरवला. तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत, भाजलेल्याच हातानं. म्हणालात, "आधी बोटानं. बोटानं जाईल तितका बोटानं जाऊ दे. पाना सासूसारखा असतो, लय गरज पडली तर शेवटी लावायचा. पहिल्यापासून लावला की आटे जातात." आणि आपणच हसलात. मला तेव्हा हसावं की रडावं कळलं नाही. चापट लागली होती.

आम्ही नाशकात राहायला आलो तेव्हा तुम्ही मोठ्या जाऊबाईंना पैठणी दिलीत, त्यांचा हक्कच होता, आणि मला एका फडक्यात गुंडाळून हा पाना दिलात. नळीसारखा पोकळ, वर आडवी सळई. पंप तोवर विकून झालेला. मी म्हटलं, आत्याबाई, शहरात याचं काय करू? तुम्ही म्हणालात, "असू दे. खायला मागत नाय." मी वर्षभर फुगून होते. पैठणी एकदाही नेसल्या नाहीत जाऊबाई, ते सोडा. पाना मात्र मी दर खंडेनवमीला न्हाऊ घातला.

आणि दसऱ्याच्या सकाळी त्या पाटापुढे मी बसले, तेव्हा मला ती दुसरी खंडेनवमी आठवली. कालव्याच्या पाटाला पाणी सुटलं ते नेमकं त्याच दिवशी. कांद्याचं रोप माना टाकून बसलेलं, पाण्याची पाळी आपली, आणि पंप सुरू होईना. सगळं गाव बघतंय की ही बाई आता काय करते. तुम्ही पूजेपुढे हात जोडलेत, पान्यावरचं फूल बाजूला केलंत, पाना उचललात आणि त्याच्या जागी एक सुपारी ठेवलीत. मी विचारलं, हे काय? "माणूस नसला तर त्याच्या जागी सुपारी बसवतात ना पूजेला? मग पान्याच्या जागी का नाय? तो कामाला गेलाय. येईल." आणि निघालात, पदर खोचून.

मी पण सुपारी ठेवली. डब्यात अख्खी नव्हती, अर्धी होती, तीच ठेवली. तुम्ही डोळे बारीक केले असतील, पण दुकानं बंद होती.

दिवाळीच्या आधी बदलायचे म्हणून चार नवे प्लग यांनी कपाटात आणून ठेवलेले होते. पाना लागतो की नाही हीच धास्ती. पंपाचा तो, गाडीला कसा बसणार? पण बसला, अगदी बसला. तेव्हा मला तुमची इतकी आठवण आली की मी पाना सोडून उगाच डोळे पुसले आणि गालाला काळं लागलं. मग मात्र माझी अक्कल संपली. तुमच्या पंपाला एकच प्लग, एकच तार. चुकायला जागाच नव्हती. इथं चार प्लग, चार तारा, आणि मी काय केलं, आधी चारही तारा प्लगवरून ओढून काढल्या, जशा लसणाच्या पाकळ्या सोडवतात, आणि एका बाजूला गोळा करून ठेवल्या. कुठली कुठं होती ते बघितलंच नाही. हे खुर्चीवर ताठ बसून विचारतात, "नंबर घातलेस का?" म्हटलं, कसले नंबर? लेक बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी. घड्याळाकडे बघते, माझ्याकडे बघते. बँकवाल्या बाई म्हणतात, "आमचे हे असते तर, पण ते गंगेवर गेलेत फुलं आणायला." म्हटलं, असते तर तेही खुर्ची मागून बसले असते.

प्लग काढले. ओले, काळे, टोकं झिजून खिळ्यासारखी झालेली. ताटलीत ठेवले. नवे बसवायला घेतले ते बोटानं. आधी बोटानं. पहिले तीन गेले. चौथा पार मागे, भिंतीशी, तिथं हात शिरेना, बांगडी अडके. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि नुसत्या दोन बोटांच्या शेंड्यांनी फिरवत राहिले. घसरतो, पुन्हा धरते. घसरतो. आणि मग आटे धरले. ते बोटाला कळतं बघा, बाळानं दूध धरलं की आईला कळतं तसं. नंतर पाना, शेवटी, थोडाच.

राहिल्या तारा. कुणाला विचारू? तुम्ही असतात तर विचारलं असतं, आत्याबाई, चार असल्या तर काय करायचं. मी खरंच मोठ्यानं विचारलं. बँकवाल्या बाईंना वाटलं त्यांनाच विचारते, त्या म्हणाल्या, "मला काय माहीत बाई." मग मी तारा हातात घेऊन ओढून बघितल्या. एक आखूड, ती जवळच्याच प्लगपर्यंत पोचे. एक चांगली लांब, ती त्या मागच्याची. गोठ्यात दावं जितकं, तितकीच गाय जाते. पण मधल्या दोन सारख्याच, जुळ्या बहिणींसारख्या. घातल्या देवाचं नाव घेऊन. हे चाकामागे जाऊन बसले, म्हणजे आम्ही दोघींनी बसवलं, आणि किल्ली फिरवली. फट्ट करून मागे असा बार निघाला की बँकवाल्या बाईंच्या हातातला हार खाली पडला आणि बाळ दचकून माझ्याकडे बघायला लागलं. रडलं नाही. बघत राहिलं.

मी वाकून होते तशीच जरा वेळ राहिले. बाई म्हणाल्या, "काकू, जमेना का?" म्हटलं, बघते. मग मधल्या दोन तारा अदलाबदल केल्या. तोवर किल्लीला दम राहिला नव्हता, नुसती कण्हत होती. म्हणून बँकवाल्या बाईंनी पंचा सोडला, पदर खोचला, मी एका बाजूनं, त्या दुसऱ्या बाजूनं, आणि आमच्या गल्लीच्या उतारावरून आम्ही दोघींनी ती ढकलली, सणाच्या साड्या नेसून. सुरू झाली. धुराचा एक ढग सोडला आणि अशी गुरगुरायला लागली की काही झालंच नव्हतं. हे उतरू शकत नव्हते म्हणून मलाच बरोबर जावं लागलं, हात नुसते फडक्याला पुसून.

येवल्याची गाडी आमच्यामागून पाच मिनिटांनी लागली. विहीणबाई आणि व्याही उतरले. विहीणबाईंनी आधी गाडी बघितली, मग ताठ बसलेले हे, मग मी. मी हात पदराखाली. पण घरी कुंकू लावताना हात बाहेर काढावाच लागला. नखं काळी, मनगटावर तेल. त्या म्हणाल्या, "हे काय, सणाच्या दिवशी तवे घासत होता?" मी हो म्हणणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "आईनं गाडी केली. सकाळी बंद पडलेली. तुम्हाला आणायची होती म्हणून." विहीणबाईंनी माझा हात सोडला नाही, उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, "असं बोलावणं बारशाला केलं असतं तर आम्ही चालत आलो असतो." तेव्हा कुठं यांनी काविळीचं सांगितलं. व्याही यांच्यावरच रागावले, आजारपण लपवतात का म्हणून, आणि राग कसला, तो राग ऐकायला मी पाच महिने थांबले होते.

जेवण झालं. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर पालथं पडलं, रडलं, आणि त्यांनी उताणं केलं. हसलं त्यांच्याकडे बघून. संध्याकाळी सोनं दिलं घेतलं, आणि जाताना विहीणबाईंनी ट्रंक दारातूनच बघितली. भरलेली. मी त्या दिवशी काढायला विसरले होते.

पाना पुसून परत पाटावर ठेवला, अर्धी सुपारी काढून घेतली. तो कामाला गेला होता, आला. तुमचं म्हणणं खरं झालं. पण बाळ येवल्याला निघालं की पाळण्यात सुपारी ठेवून भागत नाही, आत्याबाई, हे तुम्ही सांगितलं नाहीत. की तुम्हाला माहीत होतं, आम्ही तीन लेकरं घेऊन नाशकात आलो तेव्हा, आणि म्हणूनच फडकं माझ्या हातात देऊन तुम्ही लगेच घरात निघून गेलात? मी तेव्हा पैठणीचा विचार करत होते.

हे तुम्हाला कुठं पाठवू. लिहिलं, तिसरीपर्यंतच्या शिक्षणात जितकं लिहिता येतं तितकं. पान्याच्याच फडक्यात ठेवीन. एक तेवढं सांगते, घरात कुणाला बोलले नाही. बार निघाला ना, तेव्हाच मला कळलं होतं की मधल्या दोन तारा बदलल्या की झालं. तरी मी वाकून तशीच राहिले. तार हातात होती. वाटलं, नाही बदलली तर? बाळ लेकीच्या खांद्यावरून डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होतं, अगदी तुमच्यासारखं. मग बदलली.

कोजागिरीला येतो म्हणालेत, दोघींना न्यायला. स्टँडवर गाडी घेऊन या म्हणालेत.